भर बाराची हडळ आणि आमचा मास्तर

मास्तर प्रत्येक वस्तू चाटून बघायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याविषयी माझ्या तोंडून चार बरे शब्द निघाले तर वाचणाऱ्याला वाटायचं, माणूस मोठा सोवळा असेल. सोवळा कसला! फिल्लमच्या पट्टीला दोन बाजू असतात, एक नुसती गुळगुळीत आणि एक औषध लावलेली. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना काही कळत नाही. ओठाला लावली की औषधाची बाजू चिकटते, ती खरी बाजू. हे त्याचं शास्त्र, आणि असेलही खरं. पण शास्त्र फिल्लमपुरतं ठेवावं की नाही? हा बाबा दुकानातली चिक्की चाटून परत बरणीत ठेवायचा. माझ्या पिंपातलं पाणी बोट बुडवून चाटायचा. एकदा माझा साबण चाटला आणि म्हणाला, "दगडू, खार जास्त झालाय." खार जास्त झाला होता, हे खरं आहे. म्हणून काय साबण चाटायचा?

मी लोणावळ्याचा परीट. बाजाराच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी माझी भट्टी होती, म्हणजे कपडे वाफवायची चूल आणि तिच्यावर तांब्याचं मोठं भांडं. बंगलेवाल्यांचे शर्ट, रेल्वेच्या बाबूंचे कोट आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतल्या कुळंब्यांचं धुणं, सगळं माझ्याकडे यायचं. लोकांच्या अंगाचा मळ काढण्यात माझा जन्म गेला. मला नखात काळं दिसलं तर जेवण जात नाही. अशा माणसाच्या दारात देवाने मास्तराला आणून उभं करावं, याला थट्टा म्हणतात.

तो मूळचा शाळेतला ड्रॉइंग मास्तर. शाळा का सुटली ते त्याने तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलं, म्हणून मी चौथ्यांदा विचारलं नाही. मग म्हणे मुंबईला एका फिल्लम कंपनीत पडदे रंगवले, आणि येताना एक जुना लाकडी कॅमेरा घेऊन आला. हाताने फिरवायचा, कडेला दांडा असलेला. बोलपटांनी तेव्हा घाट चढला नव्हता. सगळं मुकं होतं. मास्तराच्या डोक्यात एकच होतं, आपला स्वतःचा एक चित्रपट करायचा, आणि तो भुताचा. भुताचाच का, असं मी विचारलं तर दाढीतला चिक्कीचा तुकडा काढून तोंडात टाकत म्हणाला, "भुताला खर्च नसतो. राजा करायचा तर मुकुट पाहिजे, देव करायचा तर विमान पाहिजे. भूत नुसतं उभं राहिलं तरी चालतं." तेव्हापासून बाजार त्याला भूतमास्तर म्हणायला लागला.

माझ्याकडे तो पाण्यासाठी आला. फिल्लम धुवायला वाहतं पाणी लागतं आणि अंधारी खोली लागते, माझ्याकडे दोन्ही होतं. मी 'बघू' म्हणालो आणि त्याने ते 'हो' धरलं. दुसऱ्या दिवशी माझ्या कोळशाच्या खोलीत लाल काचेचा कंदील लागला. त्याच्या औषधांचा असा काही वास सुटायचा की माझी बायको काशी पदर नाकाला लावून स्वयंपाक करायची. धुतलेली फिल्लम तो माझ्या दोरीवर वाळत घालायचा, साहेबांच्या सदऱ्यांच्या मधोमध, आणि खालून एकेक टोक चाटत जायचा. औषध पुरतं धुऊन निघालं की नाही ते म्हणे जिभेलाच कळतं, राहिलं असेल तर गोडसर लागतं. त्याचे ओठ कडेने काळे पडत चालले होते. दात हलायचे. आमची काशी म्हणायची, "अहो, फिल्लम राहू द्या, त्यांना एकदा भट्टीत घाला. निदान वरचा थर तरी निघेल."

आता माझी चूक सांगतो. मास्तराला हडळ करायची होती. बाळंतपणात गेलेली बाई, मागे राहिलेल्या तान्ह्यासाठी सासरच्या दारात परत परत येते आणि तिला कुणी दार उघडत नाही, एवढीच गोष्ट. पण भुताला सावली नसते, आणि कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्याची सावली पडतेच. आणि रात्र दाखवायची तर दिवे लागतात, ते कुठून आणणार? तो डोकं धरून माझ्या धोंड्यावर बसला होता. मी कपडे वाळत घालता घालता सहज बोलून गेलो, "मास्तर, वैशाखात दोन-चार दिवस असे येतात की बाराला माझ्या दोरीच्या खांबाची सावलीच पडत नाही." परटाला हे माहीत असतं. सगळा दिवस आम्ही ऊन कुठून कुठे सरकतं ते बघण्यातच घालवतो. मास्तर उठला आणि त्याने माझ्या दोरीचा खांब चाटला. कशासाठी ते देवाला ठाऊक. मग म्हणाला, "रात्रीचं भूत सगळेच करतात रे. भर बाराची हडळ! आपल्या आया काय सांगायच्या? भर दुपारी बाराला बाहेर पडू नको!"

त्या वैशाखात त्याने आमचा छळ मांडला. ओढ्याच्या वरच्या माळावर करवंदीच्या जाळीपाशी एका झोपडीचा पुढचा भाग उभा केला. मागे काही नाही, नुसता पुढचा कूड. दारापुढे उतारा ठेवायचा होता, भात, लिंबू आणि बकऱ्याचं आतडं. आतडं त्याने तीन दिवस आधी आणून ठेवलं. का? तर "ताजं चकाकतं, शिळं बरोबर दिसतं." तीन दिवसांनी त्या आतड्यावर माश्यांचा थर बसला होता आणि अर्ध्या माळावर उभं राहवत नव्हतं. मी एका बाजूला जाऊन ओकलो. मास्तर आतड्याशेजारी उकिडवा बसून भाकरी खात होता. शी!

हडळ म्हणून त्याने कामशेतचा एक तमाशात नाच्याचं काम करणारा पोरगा ठरवला होता. त्याने माळ पाहिला, आतडं पाहिलं, 'भर बारा' हे शब्द ऐकले आणि तो 'पाणी पिऊन येतो' म्हणून गेला तो गेलाच. बिनसावलीचे दोन दिवस उरले होते. मास्तर माझ्या भट्टीवर आला. पहिल्यांदाच मी त्याला हात धुताना पाहिलं. चांगले कोपरापर्यंत धुतले आणि म्हणाला, "दगडू, तू बारीक आहेस. मिशी काढलीस तर पदराआड कळणार नाही. पुढल्या वैशाखापर्यंत ही फिल्लम टिकणार नाही, आणि मीही टिकेन असं वाटत नाही." त्याच्या हिरडीतून रक्त येत होतं. मी मिशी काढली. काशी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

राहता राहिलं लुगडं. मास्तर म्हणे, कॅमेऱ्याला लाल काळं दिसतं आणि निळं पांढरं दिसतं, म्हणून हडळीला फिकं निळं लुगडं पाहिजे, ते उन्हात दिव्यासारखं पेटेल. आणि माझ्या फळीवर एक अस्मानी लुगडं होतं.

इथे मला आमच्या घरची रीत सांगायला हवी. परीट म्हणजे लोकांच्या कपड्यांवर मिरवणारा, असं जग म्हणतं. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी हयात ते बोलणं खोटं करण्यात घालवली. गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा कधी खांद्यावर टाकला नाही. एक कपडा गिऱ्हाइकाने नेला नाही तर तो फळीवर राहायचा, वर्षं लोटली तरी. जाताना आबा मला म्हणाले होते, "धुणं म्हंजी लोकांची अब्रू हाय, दगडू. अंगाला लावलीस तर हात झडतील." ते अस्मानी लुगडं वळवणच्या ठकूमावशीच्या सोनाचं होतं. सोना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मावशीने तिचं लुगडं माझ्याकडे धुवायला टाकलं, आणि चौथ्या दिवशी पोरगी गेली, बाळासकट. लुगडं न्यायला कुणी आलं नाही. पुढे मावशी धुणं पाठवायची, पण त्या लुगड्याचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

ते मी नेसलो. आबांच्या शब्दावर पाय देऊन, बाळंतपणात गेलेल्या पोरीचं लुगडं, बाळंतपणात गेलेल्या हडळीचं सोंग करायला. आतड्याची किळस आली होती ती काहीच नव्हे. त्या दोन दुपारी मला माझ्या कातडीची किळस आली. मास्तर मला मागे मागे चालायला लावायचा आणि दांडा उलटा फिरवायचा, म्हणजे पडद्यावर हडळ पुढे येणार, पण तिच्या पायाची धूळ उडायच्या ऐवजी पायात परत जाणार. "सावली गेली! चल!" असा तो ओरडला की पाच-दहा मिनिटं मी चालायचो. शेवटी त्याने कॅमेरा अगदी जवळ आणला आणि मला पदर तोंडावरून ओढायला सांगितलं. झाल्यावर मी लुगडं दोनदा खळबळून धुतलं, खार लावला, नीळ दिली, घडी घातली आणि होतं तसं फळीवर ठेवलं. वाटलं, झालं, कुणाला कळणार आहे?

पौषात कामशेतला एका भाताच्या गोदामात पहिला खेळ झाला. बाजाराचा दिवस होता. दारं लावली, फटींना पोती कोंबली, समोर माझीच चादर ताणली. मास्तर त्याच कॅमेऱ्यामागे दिवा लावून एका हाताने दांडा फिरवायचा आणि तोंडाने गोष्ट सांगायचा. आता मी खरं सांगतो. त्या माणसाची मला शिसारी होती, चित्रात मी स्वतः होतो, आतडं कुठल्या खाटकाकडचं तेही ठाऊक होतं, आणि तरी माझ्या पाठीवर काटा आला. पांढरंधोप ऊन, एक पान हलत नाही, आणि त्या उन्हातून उन्हाहून पांढरी बाई येते. तिला सावली नाही. धूळ तिच्या पायात शिरते. ती काही करत नाही, किंचाळत नाही, दारापुढे उभी राहते. बास. मुंबईहून आलेली किती चित्रं मी पुढे पाहिली, राक्षस, सापळे, तोंडातून आग, पण असं दुसरं बघितलं नाही. मिळालं तर आजही बघा म्हणून सांगितलं असतं.

खेळ संपला तेव्हा बाहेर नेमके बारा वाजत होते. दारं उघडली तर एक माणूस बाहेर पडेना! चांगले मिशीवाले गाडीवान दारातून उन्हाकडे बघत उभे. एक म्हातारा म्हणाला, "ऊन कलू द्या, मंग जाऊ. कुटं वनवा लागलाय?" तासभर सगळे गोदामात बसून राहिले. मास्तर पोत्यावर बसून हसत होता आणि त्याचे काळे दात दिसत होते.

माझं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. परीट प्रत्येक घराच्या कपड्यावर बिब्ब्याने खूण घालतो, आणि बिब्ब्याची खूण कपडा फाटला तरी जात नाही. ठकूमावशीच्या घरची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि शेजारी एक टिंब. हडळीने पदर ओढला तेव्हा पदराचा कोपरा पुढे आला आणि ती खूण चादरीवर भोपळ्याएवढी दिसली, पांढऱ्यावर काळी कुळकुळीत. स्वतःचं नाव वाचता न येणारी बाईसुद्धा आपल्या घरची खूण लांबून ओळखते. मी मास्तराला बाजूला घेऊन हात जोडले, "तेवढा तुकडा कापा." तो म्हणाला, "वेडा आहेस? लोकांना ती हडळीची खूण वाटते. ते कापलं तर भूत मरेल." मी सगळं सांगितलं, सोनाचंही. त्याने फिल्लमचं टोक ओठात धरलं. मग म्हणाला, "कापायचं नाही. पण लोणावळ्यात खेळ नको म्हणत असलास तर नको." हा त्याचा एकुलता एक चांगुलपणा मी पाहिला असं तेव्हा वाटलं.

वडगावला खेळ झाला, तळेगावला झाला, पवनेकडच्या गावांत झाले. सगळीकडे बायका किंचाळायच्या, "घालीव तिला, घालीव!" पण बाजाराचं तोंड कोण धरणार? लोणावळेकर मास्तराला रस्त्यात अडवायला लागले, आमच्या गावचं भूत आम्हीच बघायचं नाही का? आणि तो खंगत चालला होता. चालताना भिंत धरायचा. आपल्या गावात एकदा दाखवून मरू दे, हे तो तोंडाने बोलला नाही, पण त्याचे डोळे बोलत. शेवटी मीच म्हणालो, "दाखवा."

बाजारामागच्या पत्र्याच्या वखारीत खेळ ठरला. मी दाराशी उभा राहिलो. सगळी आली. आणि सगळ्यांत शेवटी, हातात दुधाची रिकामी चरवी घेऊन, ठकूमावशी. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "दगडू, लय भ्या वाटतं म्हंत्यात. म्हनलं बगू तरी."

हडळ माळावरून आली. लोक ओरडले, नेहमीसारखे. ती जवळ आली, पदर ओढला, कोपरा पुढे आला. दोन रेघा आणि टिंब. मावशी उठून उभी राहिली आणि तिच्या हातातली चरवी खाली पडली. "थांबीव रं!" ती ओरडली. "मास्तर, थांबीव तिला! जाऊ देऊ नगं!"

दांडा थांबवायचा नसतो. दिव्यापुढे फिल्लम उभी राहिली की पेट घेते, हे मास्तराने मला शंभरदा सांगितलं होतं. त्याने थांबवला. हडळ पदर धरून जागच्या जागी उभी राहिली, मावशीने हात पुढे केला, आणि तेवढ्यात खुणेच्या मधोमध एक तपकिरी डाग उठला, फुगला, आणि दोन्ही रेघा खाऊन गेला. लोक दाराकडे पळाले. मास्तराने जळती पट्टी उघड्या हातांनी तोडली, मुठीत चुरगाळली आणि वर थुंकला. मी त्याच्या अंगावर धावलो, "थांबवलं कशाला?" भाजलेली बोटं चाटत तो म्हणाला, "दगडू, इतक्या गावांत सगळे म्हणाले घालव. ही पहिली बाई थांबव म्हणाली. भुताला कुणी थांब म्हटलं तर मी कसा पुढे ढकलू?"

मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. वखार रिकामी झाली होती. "सोनीचं लुगडं तुज्याकडंच हाय व्हय अजून?"

"व्हय, मावशी."

"आन् नेसलं हुतं कोन?"

खोटं सुचत होतं. पण आबा डोळ्यांपुढे आले. "मीच," मी म्हणालो. "चुकलो, मावशी. काय म्हणाल ते भोगीन. सगळ्या गावाला सांगितलं तरी माझं काही म्हणणं नाही."

तिने खाली पडलेली चरवी उचलली. मग म्हणाली, "ती अशी न्हवती चालत. भराभरा चालायची. तू आपला गाभण म्हशीवानी." आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "दे तिचं लुगडं."

मी भट्टीवर जाऊन लुगडं आणलं. स्वच्छ, कडक घडीचं, एक डाग नाही. मला त्याही वेळी वाटलं, निदान धुतलं तरी चांगलं आहे. मावशीने घडी मोडली, दोन्ही हातांत लुगडं गोळा केलं आणि त्यात तोंड खुपसलं. कितीतरी वेळ ती तशीच हुंगत होती. मग तोंड वर काढून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, राग असता तर मी सोसला असता.

"पार धुतलंस की रं," ती म्हणाली. "जरा सुदीक वास न्हाई ठिवला तिचा."

एवढंच. लुगडं काखेत घेऊन ती निघाली आणि दाराशी वळून म्हणाली, "उद्याच्याला धुनं न्ह्यायला ये. आन् आमची खून बदलू नगंस." गावात ती कुणाजवळ एक शब्द बोलली नाही. मी तेवीस वर्षं तिच्या घरचं धुणं धुतलं, आणि प्रत्येक वेळी पिंपात कपडा बुडवताना हात क्षणभर थांबायचा. मळ म्हणजे घाण, एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

मास्तर पुढल्या वैशाखापर्यंत टिकला नाही, बोलला होता तसंच. औषधं पोटात जाऊन आतून सडला, असं डॉक्टर म्हणाला. शेवटचे दिवस माझ्याच कोळशाच्या खोलीत होता. काशीने नाकाला पदर न लावता त्याचं सगळं केलं. मी म्हणायचो, "मास्तर, आता तरी चाटणं सोडा," तर म्हणायचा, "सोडून कळणार कसं?" त्याची फिल्लम त्याच्या मागे दोन पावसाळ्यांत बुरशीने खाल्ली. लोणावळ्याच्या पावसात चपला हिरव्या होतात, तिथे फिल्लम काय टिकणार! डबा उघडला तर आत काळा, चिकट लगदा होता आणि त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येत होता. सगळं चित्र गेलं.

एक बोटभर पट्टी राहिली होती. जाण्याआधी त्याने माझ्या हातात कोंबली होती, जळलेल्या तुकड्याच्या अलीकडची. उजेडात धरली तर चार-पाच बारीक चौकोनांत एक पांढरी बाई पदर ओढताना दिसायची आणि कोपऱ्यात दोन रेघा नि टिंब. ठकूमावशी गेली त्या दिवशी ती पट्टी तिच्यासोबत द्यावी म्हणून मी बाहेर काढली. पण द्यायची तर नीट बाजू वर करून द्यावी. म्हातारपणाने डोळे अधू झालेले, बोटांना काही कळेना. सरळ कुठली, उलटी कुठली?

मी दार लावून घेतलं आणि पट्टी ओठाला लावली. एक बाजू लागलीच नाही. दुसरी चिकटली.

चव अगदी घाण होती. मी थुंकलो नाही.